कमिटीतली मेजॉरिटी नक्की कोणाची असते?

एखाद्या पक्षाकडे सभागृहात घसघशीत बहुमत असलं की त्यांना हवं ते बिल पास होणार असं आपण धरूनच चालतो, टीव्हीवरच्या चर्चाही त्याच हिशोबाने चालतात. पण बिल मतदानाला येण्याआधी एका छोट्या खोलीतून जातं, तिथे बारा-पंधरा-तीस माणसं बसलेली असतात, आणि त्या खोलीतलं बहुमत बाहेरच्या बहुमतासारखंच असेल याची काही खात्री नसते. दोन वेगवेगळ्या पक्षांची माणसं त्या टेबलावर एकत्र आली की बाहेर कितीही मोठं बहुमत असू दे, बिल तिथेच बसून राहतं. हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ते अमेरिकेच्या रूल्स कमिटीत, म्हणून तीच गोष्ट जरा सविस्तर सांगतो आणि शेवटी आपल्या संसदेतलं एक उदाहरण घेऊ, कारण आपल्याकडेही हे घडलंय आणि अगदी गाजलेल्या विषयावर घडलंय.

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेच्या संसदेला काँग्रेस म्हणतात, तिची दोन सभागृहं, ४३५ जणांचं हाऊस आणि १०० जणांचं सिनेट. हाऊसमध्ये बिल आलं की ते आधी त्या विषयाच्या कमिटीकडे जातं, शिक्षणाचं असेल तर शिक्षणाच्या, कायद्याचं असेल तर ज्युडिशियरी कमिटीकडे. तिथून पास झालं तरी थेट सभागृहात येत नाही, मध्ये रूल्स कमिटी असते. ही कमिटी बिल चर्चेला कधी घ्यायचं, किती तास चर्चा करायची, कोणत्या दुरुस्त्या मांडू द्यायच्या, हे सगळं ठरवते, आणि त्या ठरवण्याला तिथे 'रूल' म्हणतात. रूल मिळाला नाही तर बिल सहसा पुढे जातच नाही. सोसायटीच्या वार्षिक सभेत एखादा विषय अजेंड्यावरच घेतला नाही तर तो बहुतेकांना हवा असूनही त्यावर हात वर करायची वेळच येत नाही, तसंच हे.

दुसरी गोष्ट म्हणजे अमेरिकेतला खासदार पक्षाच्या विरोधात मत देऊ शकतो आणि त्याची खासदारकी जात नाही. आपल्याकडे १९८५ पासून पक्षांतरबंदी कायदा आहे, व्हिप, म्हणजे पक्षाचा मतदानाचा आदेश, मोडला तर पद जाऊ शकतं. तिकडे तसं नाही, शिवाय उमेदवारी पक्षाचे नेते देत नाहीत, मतदारसंघातली प्रायमरी, म्हणजे उमेदवार ठरवायची मतदारांची निवडणूक, जिंकून मिळवावी लागते, म्हणजे घरच्या मतदारांना सांभाळलं की नेत्याला घाबरायचं कारण फारसं उरत नाही.

रूल्स कमिटी इतकी महत्त्वाची आहे हे कळल्यावर तिच्यावर कब्जा कोणाचा यावरून भांडणं होणारच. १९१० पर्यंत हाऊसचा स्पीकरच या कमिटीचा चेअरमन असायचा. त्यावेळी स्पीकर होते जोसेफ कॅनन, रिपब्लिकन, १९०३ पासून त्या खुर्चीवर. कमिटीत माणसं फक्त पाच, त्यातले तीन त्यांच्या पक्षाचे, म्हणजे कॅनन म्हणतील ते. नेब्रास्काचे जॉर्ज नॉरिस, तेही रिपब्लिकनच, त्यांनी मार्च १९१० मध्ये ठराव मांडला की स्पीकरला या कमिटीतून बाहेर काढा आणि कमिटीचे सदस्य सभागृहाने निवडावेत. चाळीसहून जास्त रिपब्लिकन बंडखोर डेमोक्रॅट्सबरोबर गेले, १९ मार्चला १९१ विरुद्ध १५६ मतांनी ठराव पास झाला, कमिटी पाचाची दहा झाली आणि स्पीकर बाहेर. दोन पक्षांतली माणसं एकत्र येऊन एखादी कमिटी मुळापासून बदलू शकतात हे तेव्हा दिसलं. पण कमिटी स्पीकरच्या हातून सुटली म्हणजे ती चांगल्या हातात गेली असं झालं नाही, पुढे ती वेगळ्याच लोकांच्या हातात गेली.

इथे अमेरिकेच्या दक्षिणेचं राजकारण समजून घ्यायला लागतं, त्याशिवाय पुढचं काहीच कळत नाही. व्हर्जिनिया, मिसिसिपी, जॉर्जिया अशा दक्षिणेतल्या राज्यांत तेव्हा जवळपास एकपक्षीय राज्य होतं आणि तो पक्ष डेमोक्रॅटिक. काळ्या नागरिकांना मतदानापासून कायदे करून, टॅक्स लावून, परीक्षा घेऊन आणि सरळ दहशतीने लांब ठेवलेलं, त्यामुळे तिथला गोरा डेमोक्रॅट एकदा निवडून आला की वर्षानुवर्षं येतच राहायचा. आणि हाऊसमध्ये कमिटीचा चेअरमन ठरायचा सीनिऑरिटीने, जो कमिटीत सगळ्यात जुना तो चेअरमन. म्हणजे ज्या भागात खरी निवडणूकच होत नव्हती तिथलीच माणसं महत्त्वाच्या खुर्च्यांवर जाऊन बसली. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतली सगळ्यात अन्यायाची बाब हीच आहे, कारण ज्यांचं मत हिरावून घेतलं त्यांच्याच हक्कांची बिलं अडवायची ताकद त्या हिरावण्यातून तयार झाली.

१९३७ च्या आसपास रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष असताना या दक्षिणेतल्या डेमोक्रॅट्सचं आणि रिपब्लिकन पक्षाचं जुळायला लागलं. रिपब्लिकनांना सरकारचा उद्योगधंद्यातला हस्तक्षेप नको होता, दक्षिणवाल्यांना मजुरीचे आणि वंशाचे नियम वॉशिंग्टनहून यायला नको होते, कारणं वेगळी पण मत एकाच बाजूला. याला पुढे कॉन्झर्व्हेटिव्ह कोएलिशन हे नाव पडलं. कोणताही करार झाला नव्हता, नेता नव्हता, ऑफिस नव्हतं, फक्त मतं एकत्र पडत होती. पहिला मोठा फटका बसला किमान वेतनाच्या बिलाला. १९३७ मध्ये सिनेटने ते पास केलं, पण हाऊसच्या रूल्स कमिटीत चौदा जणांपैकी दक्षिणेतले पाच डेमोक्रॅट आणि चार रिपब्लिकन एकत्र झाले आणि रूल द्यायलाच नकार. ज्या पक्षाचे चौदात दहा सदस्य होते त्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाचं बिल अडलं.

यातून बाहेर पडायचा एक रस्ता आहे, डिस्चार्ज पिटिशन. हाऊसच्या निम्म्याहून जास्त, म्हणजे २१८ जणांनी सह्या केल्या तर बिल कमिटीच्या हातून काढून सभागृहात आणता येतं. ऐकायला सोपं वाटतं पण सही करणं म्हणजे कमिटीच्या चेअरमनशी उघड वैर घेणं, उद्या आपलं बिल त्याच्याच टेबलावर जाणार असतं, म्हणून सह्या सहसा जमत नाहीत. डिसेंबर १९३७ मध्ये त्या जमल्या, पण बिल सभागृहात येऊन परत कमिटीकडे पाठवलं गेलं. मे १९३८ मध्ये फ्लोरिडाच्या प्रायमरीत या बिलाच्या बाजूने बोलणारे सिनेटर क्लॉड पेपर जिंकले, दक्षिणेतसुद्धा हा विषय मतं मिळवून देतो हे खासदारांना दिसलं, आणि दुसऱ्या पिटिशनवर २१८ सह्या अडीच तासांच्या आत झाल्या. ताशी २५ सेंटचा तो कायदा जून १९३८ मध्ये झाला. म्हणजे कमिटीतली युती तोडायला बाहेरच्या मतदाराचा धक्का लागला.

आता येतो तो काळ ज्यासाठी ही कमिटी सगळ्यात जास्त ओळखली जाते. १९५५ मध्ये व्हर्जिनियाचे हॉवर्ड स्मिथ तिचे चेअरमन झाले. तेव्हा कमिटी बारा जणांची, आठ डेमोक्रॅट आणि चार रिपब्लिकन, कागदावर दुप्पट बहुमत. पण आठातले दोघं, स्वतः स्मिथ आणि मिसिसिपीचे विल्यम कोल्मर, चार रिपब्लिकनांबरोबर मत द्यायचे, की झाले सहा विरुद्ध सहा. टाय झाला की प्रस्ताव पडतो, म्हणजे त्यांना जिंकायचीही गरज नव्हती, फक्त बरोबरी करायची होती. शाळांना मदत, घरबांधणी, नागरी हक्क, जे बिल नको असेल ते तिथेच थांबायचं. आणि मतापर्यंतसुद्धा जायला लागायचं नाही कधीकधी, कारण मीटिंग बोलवायची चेअरमनने. १९५७ मध्ये नागरी हक्कांचं बिल आलं तेव्हा स्मिथ सरळ व्हर्जिनियातल्या आपल्या शेतावर निघून गेले, शेतावरचं कोठार जळालंय असं कारण देऊन, आणि ते येईपर्यंत कमिटी बसली नाही. एक माणूस गावाला गेला आणि लाखो लोकांच्या मतदानाच्या हक्काचं बिल थांबून राहिलं, हे वाचताना आजही संताप येतो.

१९६० मध्ये डेमोक्रॅट जॉन केनेडी राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले तेव्हा स्पीकर होते टेक्सासचे सॅम रेबर्न, स्वतः दक्षिणेतले डेमोक्रॅट पण सहा-सहाचा हा खेळ बरीच वर्षं जवळून पाहिलेले. त्यांच्या लक्षात आलं की ही कमिटी अशीच राहिली तर नव्या राष्ट्राध्यक्षाचं एकही मोठं बिल सभागृहात येणार नाही. त्यांनी कमिटी बारावरून पंधरा करायचा प्रस्ताव आणला, दोन डेमोक्रॅट आणि एक रिपब्लिकन वाढवायचा, की मग हिशोब आठ विरुद्ध सात होईल. ३१ जानेवारी १९६१ ला मतदान झालं, २१७ विरुद्ध २१२, पाच मतांचा फरक. आता या आकड्याच्या आत बघा, खरी गंमत तिथे आहे: रेबर्नच्या स्वतःच्या पक्षाच्या ६४ जणांनी विरोधात मत दिलं, आणि प्रस्ताव वाचला तो २२ रिपब्लिकन त्यांच्या बाजूने आले म्हणून. कमिटीतली दोन पक्षांची युती मोडायला सभागृहात दोन पक्षांची दुसरी युती उभी करावी लागली, एकट्या डेमोक्रॅट्सच्या जोरावर ते झालंच नसतं.

पण मग सगळं सुरळीत झालं का, तर नाही, आणि हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो कारण कमिटीतली गणितं किती पटकन वेगळ्या रेषेवर जातात ते इथे कळतं. त्याच वर्षी जुलैमध्ये केनेडींचं शाळांना सरकारी मदत देण्याचं बिल कमिटीसमोर होतं. न्यूयॉर्कचे जेम्स डिलेनी, शहरातले डेमोक्रॅट, एरवी बऱ्याच बाबतीत राष्ट्राध्यक्षांच्या बाजूचे, पण कॅथलिक मतदारसंघातून आलेले, आणि बिलात चर्चच्या शाळांना मदत नव्हती. त्यांनी स्मिथ, कोल्मर आणि पाच रिपब्लिकनांबरोबर मत दिलं, आठ विरुद्ध सात, बिल तिथेच संपलं. सहा महिने आधी एवढी ताकद लावून मिळवलेलं एका मताचं बहुमत एका माणसाच्या एका विषयावरच्या मताने उलटलं. डिलेनी काही स्मिथच्या गटात गेले नव्हते, त्या एका विषयापुरते तिकडे होते. कमिटी छोटी असली की अशा एका माणसाची किंमत फार वाढते, ४३५ जणांत तो कुणाच्या लक्षातही आला नसता.

१९६४ च्या नागरी हक्क कायद्याची गोष्ट याच्या उलट बाजूची. ज्युडिशियरी कमिटीत चेअरमन होते न्यूयॉर्कचे डेमोक्रॅट इमॅन्युएल सेलर आणि रिपब्लिकनांचे मुख्य सदस्य होते ओहायोचे विल्यम मॅकलॉक. मॅकलॉक यांच्या छोट्या गावांच्या मतदारसंघात काळ्या मतदारांची संख्या फार कमी होती, मतांच्या हिशोबाने त्यांना या बिलातून मिळण्यासारखं काही नव्हतं, तरी ते ठाम उभे राहिले. बिल कमिटीतून २० नोव्हेंबर १९६३ ला बाहेर आलं, दोन दिवसांनी केनेडींची हत्या झाली. पुढचा टप्पा परत रूल्स कमिटी आणि परत हॉवर्ड स्मिथ, आणि त्यांना सुनावणी घ्यायची नव्हती. सेलर यांनी डिस्चार्ज पिटिशन दाखल केलं, पण खरा दबाव आला तो कमिटीतल्या रिपब्लिकनांचे प्रमुख क्लॅरेन्स ब्राऊन यांच्याकडून. नियमाप्रमाणे कमिटीतल्या बहुमताला चेअरमनवर मीटिंग लादता येते, आणि आता रिपब्लिकन स्मिथच्या बाजूला उभे नव्हते, म्हणजे वर्षानुवर्षं ज्या मतांवर स्मिथची भिंत उभी होती तीच मतं निघून गेली. जानेवारी १९६४ मध्ये सुनावणी सुरू झाली आणि ३० तारखेला रूल मिळाला, ११ विरुद्ध ४. हाऊसमध्ये १० फेब्रुवारीला बिल पास झालं २९० विरुद्ध १३० ने, त्यात १५२ डेमोक्रॅट आणि १३८ रिपब्लिकन.

सिनेटमध्ये ज्युडिशियरी कमिटीचे चेअरमन होते मिसिसिपीचे जेम्स ईस्टलंड, नागरी हक्कांची बिलं तिथे गेली की परत येत नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून सिनेटने ५४ विरुद्ध ३७ मतांनी ठरवलं की बिल त्या कमिटीकडे पाठवायचंच नाही, थेट सभागृहाच्या यादीवर घ्यायचं. नंतर बिल अडवायला विरोधकांनी मुद्दाम लांबवलेली भाषणं संपवायला ७१ मतं मिळाली, ४४ डेमोक्रॅट आणि २७ रिपब्लिकन. २ जुलैला कायद्यावर सही झाली.

पुढच्या वर्षी, १९६५ मध्ये, याच सेलर यांच्या नावाचा इमिग्रेशनचा कायदा आला, आणि तो मराठी माणसाच्या घरापर्यंत पोहोचलेला आहे. त्याआधी भारतीयांना वर्षाला १०० जणांचा कोटा होता, १९४६ पासून. नव्या कायद्याने देशानुसार कोटे काढून टाकले, एका देशातून जास्तीत जास्त २०,००० अशी मर्यादा ठेवली, आणि नातेवाईक व कुशल कामगारांना प्राधान्य दिलं. हाऊसमध्ये ३१८ विरुद्ध ९५, सिनेटमध्ये ७६ विरुद्ध १८, दोन्हीकडे दोन्ही पक्षांची मतं. विरोध करणारे बरेचसे तेच दक्षिणेतले खासदार होते, पण तोपर्यंत त्यांची कमिट्यांवरची पकड सैल झाली होती. न्यू जर्सीत, शिकागोत, बे एरियात आज जी मराठी मंडळं दिसतात, त्यातल्या पहिल्या पिढीतले कितीतरी डॉक्टर आणि इंजिनियर याच कायद्यामुळे तिकडे जाऊ शकले.

स्मिथ १९६६ च्या प्रायमरीत हरले. सत्तरच्या दशकात डेमोक्रॅट्सनी रूल्स कमिटीवर आपले सदस्य नेमायचा अधिकार स्पीकरला दिला, त्यानंतर ती कमिटी बहुतेक वेळा बहुमतवाल्या पक्षाच्या नेतृत्वाचंच हत्यार राहिली. पण २०२३ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या केविन मकार्थी यांना स्पीकर होण्यासाठी १५ वेळा मतदान घ्यावं लागलं आणि त्या सौद्यात कट्टर गटातल्या तिघांना, थॉमस मॅसी, राल्फ नॉर्मन आणि चिप रॉय यांना, या कमिटीत जागा मिळाली. कमिटीत नऊ रिपब्लिकन, चार डेमोक्रॅट. नऊतले तिघं फुटले तर सहा उरतात, तेरात बहुमत होत नाही. एप्रिल २०२४ मध्ये युक्रेन, इस्रायल वगैरेंना मदत द्यायच्या बिलांच्या वेळी नेमकं हेच झालं, तिघं विरोधात गेले, आणि नवे स्पीकर माइक जॉन्सन यांना डेमोक्रॅट्सच्या मतांवर रूल काढावा लागला, ९ विरुद्ध ३. विरोधी पक्षाने रूलच्या बाजूने मत द्यायचं नाही हा तिथला पक्का रिवाज, तो बाजूला ठेवला गेला. सभागृहात तर रूलला ३१६ मतं पडली आणि त्यात रिपब्लिकनांपेक्षा डेमोक्रॅट जास्त होते.

आता आपल्याकडे. संसदेची लोकलेखा समिती, पीएसी, सरकारी खर्चाचा हिशोब तपासते. २२ सदस्य, १५ लोकसभेचे आणि ७ राज्यसभेचे, मंत्री त्यात बसू शकत नाही, आणि १९६७ पासून अध्यक्ष विरोधी पक्षाचा असतो. सदस्य निवडले जातात प्रमाणशीर पद्धतीने, म्हणून मोठ्या पक्षांबरोबर एक-एक जागेचे छोटे पक्षही येतात. आणि एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते, पक्षांतरबंदी कायदा सभागृहातल्या मतदानाला लागू होतो, समितीतल्या मतदानाला नाही. म्हणजे कायद्याने तरी समितीत खासदार मोकळा असतो. बैठका बंद दाराआड, बहुतेक निर्णय सहमतीने, मतदान क्वचितच.

ते क्वचित २८ एप्रिल २०११ ला झालं. विषय टूजी स्पेक्ट्रम, म्हणजे मोबाइल कंपन्यांना झालेलं लहरींचं वाटप. कॅगने १.७६ लाख कोटींच्या नुकसानीचा अंदाज दिलेला, समितीचे अध्यक्ष, विरोधी भाजपचे मुरली मनोहर जोशी यांनी मसुदा अहवाल आणला, त्यात पंतप्रधान कार्यालयावरही ठपका. सरकार चालवणाऱ्या काँग्रेसचे सात आणि सरकारमधल्याच द्रमुकचे दोन, मिळून नऊ, तेव्हा समितीत असलेल्या २१ जणांत बहुमत नाही. पण समाजवादी पक्षाचा एक आणि बसपाचा एक सदस्य त्यांच्या बाजूला आले, उत्तर प्रदेशात एकमेकांचं तोंड न बघणारे हे दोन पक्ष त्या खोलीत एकाच बाजूला, आणि अकरा झाले. जोशी बैठक संपवून निघून गेले, या अकरा जणांनी काँग्रेसच्या सैफुद्दीन सोझ यांना अध्यक्षपदी बसवून मसुदा फेटाळला. जोशींनी अहवाल तरीही लोकसभाध्यक्ष मीरा कुमार यांना दिला, त्यांनी तो जूनमध्ये परत पाठवला. पीएसीच्या अहवालाला भिन्नमत जोडायची सोय नसते, त्यामुळे उरलेल्या दहा जणांचं म्हणणं अधिकृतपणे कुठेच आलं नाही. अध्यक्षपद विरोधकांकडे दिलं म्हणजे समिती विरोधकांची होत नाही, दोन मतं इकडची तिकडे झाली की अध्यक्ष एकटा पडतो.

त्याच टूजीवर पी. सी. चाको यांच्या अध्यक्षतेखाली ३० जणांची संयुक्त संसदीय समितीही बसली होती. मार्च २०१३ मध्ये श्रीलंकेतल्या तमिळांच्या प्रश्नावरून द्रमुक सरकारमधून बाहेर पडला, आणि सप्टेंबरमध्ये समितीत अहवाल मताला आला तेव्हा २०११ मध्ये काँग्रेसबरोबर असलेला द्रमुक या वेळी भाजप, डावे, तृणमूल, बीजेडी आणि अण्णाद्रमुकबरोबर विरोधात होता. अहवाल १६ विरुद्ध ११ ने मंजूर झाला. या समितीत भिन्नमत नोंदवता येत होतं, त्यामुळे विरोधात गेलेल्या सदस्यांचं लेखी म्हणणं या वेळी अहवालाबरोबर गेलं, दोन वर्षांपूर्वीच्या त्या दहा जणांना जी संधी मिळाली नव्हती.